हॉट प्रेसमधला मुद्देमाल

माझे सासरे श्री. चंद्रहास खारोडे दोन महिन्यांसाठी डब्लिनला आले आणि वर्षभर राहिले. यात त्यांचा दोष नव्हता. निदान सुरुवातीला तरी नव्हता. फेब्रुवारी २०२०मध्ये ते उतरले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि ब्युमॉन्टमधल्या आमच्या भाड्याच्या घरात, जिथे मी आणि माझी बायको स्वानंदी एकमेकांनाच जेमतेम सहन करत होतो, तिथे एक निवृत्त मुद्देमाल कारकून मुक्कामाला राहिला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणून त्या अकोल्यालाच थांबल्या होत्या. त्या सोबत असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण त्यांच्यासमोर बाबा फार शहाण्यासारखे वागतात.

मुद्देमाल कारकून म्हणजे काय हे मलाही लग्नानंतरच कळलं. धाडीत पकडलेला माल, म्हणजे हातभट्टीची पिंपं, चोरीच्या सायकली, गांजाची पोती, खटला उभा राहीपर्यंत एका खोलीत ठेवतात. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी अशा खोलीची किल्ली बाबांच्या कमरेला होती. खातं कोणतं ते मी सांगत नाही, त्यांना अजून पेन्शन मिळते. हयातभर त्यांनी एकच काम केलं: वस्तू कापडात घालायची, कापड शिवायचं, टाक्यांवर लाख ओतायची, लाखेवर शिक्का उठवायचा आणि मग कोर्टानं विचारेपर्यंत हात लावायचा नाही. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती कुणाच्या ताब्यात आहे हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्याकडे उरलेली आमटी फ्रिजमध्ये जायची ती डब्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर बाबांची आडवी सही घेऊन. मी एकदा सही न बघता डबा उघडला, तर जेवणभर माझ्याकडे संशयित म्हणून पाहत होते.

आता ते प्रकरण सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. वीसेक वर्षांपूर्वी गांजाचा एक मोठा खटला कोर्टात उभा राहिला. माल पकडून इतकी वर्षं झाली होती की आरोपी तोवर आजोबा झाला होता. बाबांनी आपल्या हातांनी शिवलेली पोती कोर्टात आणवली. पुढून सगळी सीलं जागच्या जागी. पोती उलटी केली तर आतून काड्या, भुसा आणि लेंड्या पडल्या. ‘गांजा कुठाय?’ न्यायाधीशांनी विचारलं. बाबा म्हणाले, ‘साहेब, उंदरांनी खाल्ला.’

कोर्ट हसलं. वकील हसले, शिपाई हसला, न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो आरोपी, कारण तो सुटला होता. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली. खात्यानं चौकशी लावली. चौकशीत ना गांजा सापडला ना गुन्हा, पण बाबांची बढती कायमची अडकली आणि गावात त्यांचं नाव ‘उंदीरमामा’ पडलं. हे सगळं ते पचवू शकले असते. पण त्या संध्याकाळी वाढता वाढता सासूबाई हळूच म्हणाल्या होत्या, ‘मला एकटीला सांगा. कुणाला दिला?’ बाबा म्हणाले, ‘उंदरांनी खाल्ला.’ त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘बरं.’ आणि भाजी वाढली.

ते ‘बरं’ बाबा अजून चघळत होते. मला हे लग्नानंतर स्वानंदीनं सांगितलं. तिनंही बापाची बाजू घेऊन सांगितलं असं नाही; आमच्याकडे असं असं झालं होतं, एवढंच. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बॉल्सब्रिजच्या एका कंपनीत लोकांनी सांगितलेल्या तक्रारी खऱ्या आहेत का ते बघण्याचा मला पगार मिळतो. आमच्या धंद्यात जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही असं मानतात. तेव्हा उंदरांबद्दल माझं मत काय असणार ते उघड आहे. मी ते कधी बोललो नाही, पण बाबांना ते माहीत होतं. उंदीर म्हटलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी वाटीकडे.

तर जून महिना होता. घराची सगळ्यात लहान खोली आता माझं ऑफिस झाली होती आणि मी कॉलवर होतो. बाबा खिडकीशी उभे राहून शेजारच्या अंगणात टेहळणी करत होते. लॉकडाउनमध्ये त्यांना दुसरं काम नव्हतं. एकदम ते माझ्या खांद्याशी वाकून कुजबुजले, ‘विनयराव, तो कॅमेरा बंद करा. गुन्हा घडून राहिला.’

शेजारी बर्नी राहते. सत्तरी ओलांडलेली विधवा, आयुष्यभर एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम केलेली, त्यामुळे बोटं सांध्यांपाशी गाठाळून वाकडी झालेली. तिच्या नवऱ्यानं बांधलेलं एक लहान काचघर मागे आहे. त्यात टोमॅटोच्या शेजारी एक झाड छताला टेकलं होतं, आणि ते काय होतं हे बाबांना काचेतून, धुक्यातून आणि दोन अंगणं ओलांडूनही समजलं.

बाबा कुंपणापाशी गेले. मी हेडफोन गळ्यात घेऊन मागे धावलो, कारण माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता आणि त्यात अर्जदार चांगल्या चालचलणुकीचा असावा अशी अट असते. बाबांनी दोन मीटरवरून बर्नीला खणखणीत इंग्रजीत विचारलं, की हे झाड कोणाच्या मालकीचं आहे? बर्नी म्हणाली, देवाचं. पाखरांना टाकलेल्या दाण्यातून आलंय. गेल्या वर्षीही आलं होतं. त्याचं लोण्यातलं मलम बोटांना बरं असतं असं तिच्या लिमरिकच्या बहिणीनं तिला सांगितलं होतं. पण गेल्या वर्षीचं तिनं स्वयंपाकघरात टांगलं आणि त्याला बुरशी आली. तेव्हापासून ती वाळवणार कुठे हीच काळजी करत होती.

‘तुमच्याकडे हॉट प्रेस चालू आहे का?’ तिनं विचारलं.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं ते हॉट प्रेस. लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात, कारण अख्ख्या देशात खात्रीनं कोरडी अशी तेवढीच जागा आहे. बर्नीनं सरकारी योजनेत नवा बॉयलर बसवला, टाकी गेली, आणि तिचं हॉट प्रेस थंडगार पडलं. आमचा घरमालक चिकट होता, म्हणून आमची जुनी टाकी शाबूत होती.

‘वाळवायची व्यवस्था आहे,’ बाबा म्हणाले. ‘पण आधी जप्ती करावी लागेल.’

‘ग्रँड,’ बर्नी म्हणाली, म्हणजे चालेल.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी ओरडलोही, पण घरात आल्यावर आणि मराठीत, त्यामुळे उपयोग झाला नाही. ‘बाबा, इथे हे बेकायदा आहे!’ मी म्हणालो. ‘म्हणून तर जप्त करून राहिलो ना,’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘बेकायदा नसतं तर मले काय करायचं होतं?’ त्यांच्या दृष्टीनं माल बर्नीकडे असणं हा गुन्हा होता आणि माल त्यांच्या ताब्यात असणं हे कर्तव्य. आपण निवृत्त आहोत, हा आयर्लंड आहे आणि घर जावयाचं आहे, या तीन गोष्टी त्यांना बारीकसारीक वाटत होत्या. मी स्वानंदीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘मार्चपासून आज पहिल्यांदा त्यांनी दाढी केलीय. राहू दे.’

तुरे धरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, झाड काचघरातच राहू दिलं. मग देशाला पुन्हा कडक कुलूप लागण्याच्या सुमाराला बाबांनी रीतसर पंचनामा केला. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच लागतात. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आणि दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायलाही बंदी. पंच आणायचे कुठून? एक पंच मी झालो. दुसरी पंच खुद्द बर्नी. ‘आरोपीच पंच कसा?’ मी विचारलं. बाबांनाही ते खटकलं होतं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘कोविड आहे.’ बर्नीनं वाकड्या बोटांनी सही केली आणि हा तुमच्याकडचा सुगीचा विधी आहे का, असं मला विचारलं. मी हो म्हणालो.

फांद्या उलट्या टांगायच्या होत्या. हॉट प्रेसमधून चादरी बाहेर आल्या आणि सोफ्यावर बसल्या, आम्ही जमिनीवर. पहिले काही दिवस बाबांनी दार घट्ट लावून ठेवलं, तर पानांना वाळल्या कडब्याचा वास मारायला लागला. बर्नीनं लिमरिकला फोन केला. बहिणीचा निरोप आला की घाई करू नका, दार किलकिलं ठेवा, वारा खेळू द्या, काडी वाकवली की कडकन मोडली पाहिजे. दार किलकिलं झालं आणि आत कोंडलेला वास घरभर मोकळा फिरू लागला. माझ्या शर्टांना तो होता, उश्यांना होता, फोडणीलाही होता. स्वानंदीनं धूप लावला, तर साधूच्या मठात राहतोय असं वाटू लागलं. माझं सगळं ऑफिस, मीटिंगा, बढतीची मुलाखत त्या काळात पडद्यावर झाली. महामारीनं माणसाचं काय भलं केलं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, व्हिडिओ कॉलला वास येत नाही.

बाबा रोज सकाळी आंघोळ करून तुरे वजनाला घालायचे. स्वानंदीचा केक करायचा काटा त्यासाठी जप्त झाला होता. वाळताना वजन उतरणार हे शाळेतल्या पोरालाही समजतं, पण बाबांचा चेहराही रोज उतरायचा. ‘कमी भरलं,’ ते मला म्हणायचे, आणि मी पंच असल्यामुळे मला मान हलवावी लागायची. ‘पाणी उडतंय, बाबा,’ मी सांगायचो. ‘मले माहीत आहे,’ ते म्हणायचे. ‘पण कोर्ट इचारते ना, कुठे गेलं म्हणून.’

त्याच दिवसांत एका दुपारी बेल वाजली. दारात गार्डा, म्हणजे इथला पोलीस. तरुण, उंच, मास्क लावलेला. तो म्हणाला, या वस्तीत घरात अडकलेल्या वयस्कर लोकांची आम्ही चौकशी करत फिरतोय, तुमच्याकडे कुणी आहे का? मी नाही म्हणणार इतक्यात बाबा जिना उतरून आले, त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला आणि मला मराठीत म्हणाले, ‘विनयराव, साहेबांना वर घेऊन चला. मुद्देमाल पाहू द्या. मग जबाबदारी त्यांची.’

वरून त्या वासाचा एक लोट जिन्यावरून खाली आला. मी डोळे मिटले. नागरिकत्व, नोकरी, पुण्याला परत जाऊन आईला काय सांगायचं, सगळं झरझर डोळ्यांपुढून गेलं. गार्डानं विचारलं, काय म्हणतायत ते? मी म्हणालो, ते वर भाज्या वाळवतायत, त्या बघायला बोलावतायत.

‘मस्त स्वयंपाक चालला असणार,’ गार्डा म्हणाला. ‘मला एप्रिलमध्ये कोविड झाला ना, तेव्हापासून कशाचाच वास येत नाही. बायकोनं काल टोस्ट जाळला, मी तसाच खाल्ला.’ बाबांना म्हणाला, काळजी घ्या, काही लागलं तर फोन करा. आणि गेला. बाबा दारात उभे राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. ‘कामात लक्ष नाही पोराचं,’ ते म्हणाले.

नोव्हेंबरच्या मध्याला भारताला जाणारं एक खास विमान निघालं. मी रात्रंदिवस वेबसाइटवर बसून बाबांना जागा मिळवली. त्यांनी नकार दिला. ‘माल ताब्यात असताना कारकून मुख्यालय सोडत नाही,’ ते म्हणाले. मी स्वानंदीकडे फोन दिला, स्वानंदीनं सासूबाईंना लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘कसला माल?’

बाबांनी फोन घेतला आणि अंगणात गेले. काचेतून मला दिसत होते. बराच वेळ ते बोलत होते, एक हात हवेत शिवण घालत होता. आत आले तेव्हा ओले झाले होते, बाहेर पाऊस होता. मी विचारलं, काय म्हणाल्या आई? ते टॉवेल शोधत होते. टॉवेल हॉट प्रेसमधून केव्हाच हद्दपार झाले होते.

‘काय म्हणणार? बरं म्हणाली.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘विनयराव, मले हा माल तिच्यासमोर उघडायचा आहे. एकदा तिनं पाहू द्या. खारोडेच्या ताब्यात दिलेली वस्तू जशीच्या तशी निघते. बस. मग मी जातो.’

मला त्या क्षणी त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि विमानाच्या तिकिटाचंही वाटलं.

काडी कडकन मोडल्यावर तुरे काचेच्या बरण्यांत गेले. हाही लिमरिकचा सल्ला. बरणीत मुरतात म्हणे. आतला उरलासुरला ओलावा बाहेर यावा म्हणून रोज झाकण थोडा वेळ उघडायचं आणि पुन्हा लावायचं. लोणच्यासारखंच, फक्त चव घ्यायची नाही. बाबा त्याला हजेरी म्हणायचे. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. वास हळूहळू बदलला, उग्रपणा गेला आणि काहीतरी गोडसर आलं. बर्नी एकटी राहते म्हणून नियमाप्रमाणे तिला एका घराशी जोडून घ्यायची परवानगी होती. तिनं आमचं घर निवडलं. ती यायची, बरणी नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. ‘तुझा हा माणूस जादूगार आहे,’ मला म्हणायची. तिला नाताळच्या आधी मलम हवं होतं. थंडीत तिला किटलीही उचलता येत नसे.

माल तयार होता. कुणीही शहाण्या माणसानं बरणी उचलून बर्नीच्या हातात दिली असती. पण बाबांच्या मनात दोन अडचणी होत्या. पहिली, की काचेची बरणी ही नियमात बसत नाही. मुद्देमाल कापडातच हवा. बरणी शिवता येत नाही आणि जे शिवता येत नाही त्यावर लाख टिकत नाही. मी भांडलो. म्हटलं, बाबा, बरणीत उत्तम राहिलंय, हवा नाही, ओल नाही, कशाला हात लावता? त्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मीच कात्री आणून दिली. माझा एक जुना पांढरा शर्ट उसवून त्यांनी त्याच्या पिशव्या शिवल्या, बारीक, एकसारखे टाके घालून. लग्नपत्रिकांवर लावायची लाल लाख ऑनलाइन मागवली. शिक्का म्हणून स्वानंदीच्या आजीची अंगठी. फक्त नमुना म्हणून थोडेसे तुरे त्यांनी लिंबाच्या लोणच्याच्या छोट्या बाटलीत राहू दिले, कारण शर्ट पुरला नाही. पिशव्या पुन्हा हॉट प्रेसमध्ये टांगल्या, टाकीच्या मागे, पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथे. उबदार जागा आहे, ते म्हणाले.

दुसरी अडचण अशी, की कोर्टाच्या हुकमाशिवाय माल परत देता येत नाही.

नाताळ आला आणि गेला. बर्नी विचारायची, बाबा म्हणायचे, तारीख पडली नाही. जानेवारीत असा गारठा पडला की काचघराला आतून बर्फ धरलं. एका सकाळी बर्नी आमच्याकडे चहाला आली आणि तिच्या हातून कप सुटून फुटला. ती हसली, पण तिला तुकडे उचलता येईनात. स्वानंदीनं ते पाहिलं, आणि ती इतक्या वर्षांत माझ्यावरही कधी ओरडली नाही अशी बापावर ओरडली. ‘कोण कोर्ट पाहिजे तुम्हाला? मी कोर्ट! आत्ताच्या आत्ता माल बाईंना देऊन टाका!’

बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. ‘हाव, साहेब,’ ते म्हणाले. अगदी गंभीरपणे. त्यांना खरंच मोकळं झाल्यासारखं दिसत होतं.

पण हुकूम झाला म्हणजे सगळं रीतीनंच व्हायला हवं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दोन्ही पंच, मी आणि बर्नी, वरच्या मजल्यावर हॉट प्रेससमोर उभे राहिलो. स्वानंदी जिन्याच्या कठड्याला टेकून कोर्ट झाली. बाबांनी अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई पडद्यावर आल्या, गुडघा उशीवर, चष्मा नाकावर. ‘दिसून राहिलं ना?’ बाबांनी विचारलं. ‘दिसतंय,’ त्या म्हणाल्या.

बाबांनी पिशव्या काढून जमिनीवर ठेवल्या. प्रत्येक सील मला दाखवलं, बर्नीला दाखवलं, मग फोनला दाखवलं. सगळी सीलं जागच्या जागी. अंगठीवरचं मोराचं चित्रसुद्धा स्पष्ट उठलेलं. त्यांचा आवाज जरा वर चढला होता. ‘पाहून घे, सुलेखा. टाका हाललेला नाही.’ मग त्यांनी पहिलं सील फोडलं, शिवण उसवली आणि पिशवी उलटी केली.

काड्या पडल्या. फोलपटं पडली. आणि बारीक, काळ्या लेंड्या, मोहरीच्या दाण्यांसारख्या, माझ्या मोज्यावर आल्या.

बाबांनी दुसरी पिशवी उसवली, तिच्यातूनही तेच. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला तो कोर्टातला दिवस दिसला, मी तिथे नसूनही. फोन जमिनीवर उताणा पडला होता आणि पडद्यावर सासूबाईंना आमच्या घराचं छत दिसत असणार. ‘काय झालं?’ त्या विचारत होत्या. ‘अहो, काय झालं?’

तेव्हा तिसरी पिशवी हलली.

मी ती उचलली. मागच्या बाजूला, पाइपाकडे, कापडाला माझ्या अंगठ्याएवढं भोक होतं. शिवण उसवली, तर आत माझ्या शर्टाच्या चिंध्या आणि पानांचा चुरा यांचं छान गोल अंथरूण केलेलं होतं, आणि त्यात एक उंदीर झोपला होता. एवढासा, करडा, पोट टम्म फुगलेलं. उजेड पडल्यावर त्यानं एक डोळा उघडला, आमच्या सगळ्यांकडे बघितलं, आणि त्याला आमच्यात काही विशेष वाटलं नाही. तो पुन्हा झोपला.

‘अरे देवा,’ बर्नी म्हणाली. ‘यानं तर सगळं खाल्लं की.’ आणि ती हसायला लागली, भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पुन्हा करून दाखवता येतं तर. मी टेस्टर म्हणून एवढंच म्हणू शकतो की तोच कारकून, तेच कापड, तीच लाख, तीच अक्कल, आणि निकाल अगदी हुबेहूब तोच. इतकी चोख चाचणी मी पगार घेऊनही कधी केली नाही. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. त्या वेळी मी फक्त एवढंच म्हणालो, ‘बाबा, उंदरांनी खाल्ला.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला आधी वाटलं त्यांना धाप लागली. ते हसत होते. हसता हसता रडत होते आणि रडता रडता म्हणत होते, ‘खाल्ला! सीलं साबूत, मागून भोक! तसंच! अगदी तसंच होतं, विनयराव!’

मी भानावर येऊन खाली पिंजरा किंवा निदान झाडू आणायला निघालो, कारण घरमालकाच्या करारात उंदरांबद्दल एक कलम आहे. बाबांनी माझा दंड धरला. ‘हात लावायचा नाही,’ ते म्हणाले. ‘साक्षीदार आहे तो.’ मग त्यांनी खिशातून लोणच्याची ती छोटी बाटली काढली, नमुन्याची, आणि केस निकाली निघाली म्हणून दोन्ही हातांनी बर्नीला दिली. बर्नीनं ती छातीशी धरली आणि हे मात्र कापडात शिवू नकोस असं म्हणून पुन्हा हसायला लागली.

आणि मग बाबांना फोनची आठवण झाली. त्यांनी तो उचलला, वाकले, आणि पिशवीच्या तोंडाशी धरला. पडद्यावर आता फक्त तो उंदीर असणार, अकोल्याच्या त्या खोलीत, झोपलेला. मी मनात म्हणालो, आता त्या ‘बरं’ म्हणतील. बाबांनीही तेच धरलं असावं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याजवळ आल्या.

‘हा तर अगदीच बारीक आहे हो,’ त्या म्हणाल्या. मग हळूच, ‘तुमचे केवढे होते?’

बाबा तिथेच जमिनीवर, काड्या आणि लेंड्यांमध्ये बसले. त्यांनी फोन माझ्याकडे दिला, कारण दाखवायला त्यांना दोन्ही हात लागणार होते.